गंध पुसणारी विकरं

कपाशीच्या शेतात टांगलेले कामगंध सापळे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. मादीच्या गंधाची नक्कल असलेल्या ल्यूरकडे गुलाबी बोंडअळीचे नर पतंग ओढले जातात. पतंगांना गंध कळतो तो शृंगिकांवरच्या बारीक, पोकळ केसांमुळे. केसावरच्या छिद्रांतून गंधाचे रेणू आतल्या द्रवात शिरतात आणि मज्जापेशीला जागं करतात.

पण आत शिरलेला रेणू तिथंच रेंगाळला तर? मादीचा गंध वाऱ्यावर सलग धाग्यासारखा येत नाही. तुटक झुळकांनी येतो. उडत्या नराला प्रत्येक झुळूक वेगळी ओळखावी लागते. गंध हरवला, की तो आडवा भिरभिरत शोध घेतो. म्हणून आधीचा गंध लगेच पुसला जायला हवा. ते काम विकरं, म्हणजे एन्झाइम, करतात.

उत्तर अमेरिकेत पॉलिफेमस नावाचा मोठा पतंग आहे, आपल्या विदर्भातल्या टसर पतंगाचा जवळचा नातलग. त्याच्या नराच्या शृंगिकांमधलं असं विकर रिचर्ड वोग्ट आणि लिन रिडिफोर्ड यांनी १९८१ साली दाखवून दिलं. मादीच्या गंधातला ॲसिटेटचा भाग ते तोडून टाकतं. पुढे १९८५ मध्ये त्याचा वेगही अजमावला गेला: निम्मा गंध नष्ट व्हायला सुमारे १५ मिलिसेकंद! मला हा आकडा थक्क करणारा वाटतो.

हरभऱ्यावरच्या घाटेअळीच्या मादीचा गंध मात्र मुख्यतः आल्डिहाइडचा असतो. तिथं ॲसिटेट तोडणारं विकर कामाचं नाही. अशा गंधांचा निचरा करणारं आल्डिहाइड ऑक्सिडेज हे निराळं विकर पतंगांच्या शृंगिकांत सापडलं आहे.