औषध घ्यायचं आणि प्रश्नही विचारायचा

(आरोग्य-हक्क शिबिरात केलेलं भाषण)

माईकसमोर उभं राहून बोलायची मला सवय नाही. शिबिराच्या ताई म्हणाल्या, “डॉक्टर सांगतात तसं नको, तुम्ही जे भोगलंत ते सांगा.” म्हणून उभी राहिले. सोबत या वह्या आणल्या आहेत. सात आहेत. त्यांची गोष्ट पुढे येईल.

माझ्या माहेरी हिमोफिलिया आहे. म्हणजे रक्त वेळेवर गोठत नाही. रक्त गोठायला अंगातली बरीच प्रथिनं एकामागून एक कामाला लागतात. त्यांना फॅक्टर म्हणतात आणि त्यांना नंबर दिलेले आहेत. आठवा कमी असला तर हिमोफिलिया ए, नववा कमी असला तर बी. लोकांना वाटतं, सुई टोचली की माणूस रक्त जाऊन मरतो. तसं नसतं. खरा त्रास आतल्या आत असतो. गुडघ्यात, घोट्यात, कोपरात रक्त साठतं, सांधा सुजतो, माणूस रात्रभर कण्हतो. असं वारंवार झालं की सांधा कायमचा आखडतो. यावर औषध एकच होतं, जो फॅक्टर अंगात नाही तो बाहेरून शिरेत देणं. तोही टिकत नाही. आठव्या फॅक्टरचा असर बारा तासांत साधारण निम्म्यावर येतो.

हा दोष आईकडच्या एक्स गुणसूत्रातून येतो आणि बहुतेक मुलग्यांमध्ये दिसतो. त्यामुळे माझ्या आजीला, आईला आणि मला एकच वाक्य ऐकावं लागलं, “तुमच्या घराण्याचा रोग.” खरं तर तीनातल्या एका घरात आधी कोणालाच हा आजार नसतो. पण दोष द्यायला बाई हाताशी असली की कोण विचारतो?

आता माझ्या दादाचं सांगते. वहिनीला विचारून सांगते आहे.

१९८५ साली दादा सायकलवरून पडला आणि डोक्याला मार लागला. परदेशातल्या एका नातेवाइकानं फॅक्टरच्या बाटल्या आणून दिल्या. पांढरी पूड, पाण्यात विरघळवून द्यायची. दादा वाचला. आईनं त्या रिकाम्या बाटल्या देवघरात ठेवल्या होत्या. १९८८ साली त्याचं लग्न झालं. १९९१ साली एका मोठ्या रुग्णालयात त्याचं रक्त तपासलं आणि त्यात एचआयव्ही निघाला. डॉक्टरांनी वडिलांना आत बोलावून सांगितलं, दादाला सांगितलं. वहिनी बाहेर बाकावर बसली होती. तिला कोणी सांगितलं नाही. दादानं नाही, वडिलांनी नाही, डॉक्टरांनी नाही. तिला कळलं १९९३ साली, दादा अंथरुणाला खिळल्यावर. तोवर तिलाही लागण झाली होती. १९९४ साली दादा गेला आणि लोक म्हणाले, हिचा पायगुण वाईट.

पुष्कळ वर्षांनी मला समजलं, त्या पुडीत काय होतं. आधी फॅक्टर मिळवायचा म्हणजे बाटल्याच्या बाटल्या रक्तद्रव चढवावा लागे. १९६४ च्या सुमारास अमेरिकेत ज्युडिथ पूल या संशोधक बाईंच्या लक्षात आलं, की गोठवलेला रक्तद्रव थंडीतच सावकाश वितळवला तर तळाशी जो साका राहतो त्यात आठवा फॅक्टर भरपूर असतो. त्याला क्रायो म्हणतात. एका पिशवीत एका दात्याचा साका. पुढे कंपन्यांनी पूड काढली. ती घरी ठेवता येई, लगेच देता येई. पण एक बाटली बनवायला हजारो लोकांचं रक्तद्रव एकत्र करत. त्यांत पैसे घेऊन रक्तद्रव देणारे होते, अमेरिकेतल्या तुरुंगांतले कैदी होते. त्या हजारांत एकाला जरी विषाणू असला तरी सगळी खेप दूषित.

जुलै १९८२ मध्ये अमेरिकेच्या आरोग्य खात्यानं हिमोफिलियाच्या तीन रुग्णांची नोंद छापली. एड्समध्ये होतो तसला न्यूमोनिया त्यांना झाला होता. म्हणजे इशारा मिळाला होता. पूड तापवून विषाणू मारण्याची रीत १९८४-८५ पर्यंत रूढ होऊ लागली होती. तरी जुना, न तापवलेला माल जगात फिरत राहिला. जपानमध्ये १९९६ साली आरोग्यमंत्री नाओतो कान यांना रुग्णांची माफी मागावी लागली. फ्रान्समध्ये १९९९ साली माजी मंत्र्यांवर खटला चालला. इंग्लंडमध्ये सर ब्रायन लँगस्टाफ यांच्या चौकशीचा अहवाल २० मे २०२४ रोजी आला. दूषित रक्त आणि रक्तापासूनच्या औषधांमुळे ३०,००० हून अधिक माणसांना लागण झाली, सुमारे ३,००० मेली. त्यांत रक्त न गोठण्याचा आजार असलेली सुमारे ३८० मुलं अशी, की ज्यांना एचआयव्ही झाला. हा अपघात नव्हता, असं अहवालात स्वच्छ लिहिलं आहे. धोका माहीत असताना तो लोकांना सांगितला नाही, कित्येकांना तपासणीचा निकालही सांगितला नाही.

हे वाचलं तेव्हा मला बाकावर बसलेली वहिनी दिसली. इंग्लंडमध्ये काय आणि आपल्याकडे काय, ज्याच्या अंगात औषध जातं त्याला आणि त्याच्या घरच्या बाईला सांगायचं नाही, ही रीत सारखीच.

आता माझी चूक सांगते. १९९८ साली मला मुलगा झाला. रांगायला लागला आणि गुडघ्यांवर निळे डाग दिसू लागले. सासूबाईंना वाटलं, मी मारते. तपासणीत निघालं, फॅक्टर आठ एक टक्क्याच्याही खाली.

सहा वर्षांचा असताना, २००४ साली, त्याचा उजवा गुडघा नारळाएवढा सुजला. डॉक्टर म्हणाले, फॅक्टर आणा. रुग्णांच्या संघटनेमार्फत तो कमी किमतीत मिळत होता. मी म्हटलं, नाही. माझ्या भावाला ज्यानं मारलं ते मी मुलाला देणार नाही. डॉक्टर रागावले. “तुम्हांला काय कळतं?” म्हणाले. बस, तेवढंच. मी बर्फ लावला, पट्टी बांधली आणि क्रायो देऊ दिलं. मला वाटलं, एका एका माणसाचं रक्त आहे, आपल्याच भागातल्या लोकांचं आहे, ते जास्त शुद्ध. पुरेसं क्रायो मिळालं नाही, मिळालं ते उशिरा मिळालं. सूज उतरायला तीन आठवडे गेले. तो गुडघा आजही पूर्ण सरळ होत नाही.

बायांनो, खरं काय होतं ते ऐका. २००४ सालची पूड १९८५ सालची राहिली नव्हती. तापवून किंवा रसायनानं धुऊन तिच्यातले एचआयव्ही आणि काविळीचे बी, सी विषाणू मारले जात होते. रक्तद्रवाशिवाय, पेशींकडून बनवून घेतलेला फॅक्टरही १९९२ पासून अमेरिकेत मंजूर होता. उलट ज्या क्रायोला मी शुद्ध समजत होते, त्यावर आपल्याकडे अशी प्रक्रिया सहसा होत नाही. त्याचा भरवसा फक्त दात्याच्या तपासणीवर. म्हणजे मी जास्त धोक्याचं ते निवडलं, कमी धोक्याचं नाकारलं आणि मुलाचा गुडघा घालवला.

यात डॉक्टरांची चूक आहेच. पाच मिनिटं बसून त्यांनी हे सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं. पण माझीही आहे. मी शंका विचारली नाही, मी फक्त नकार दिला. दादाच्या वेळी कोणी काही विचारलं नाही म्हणून माणूस गेला. माझ्या वेळी मनात शंका होती, पण ती प्रश्न होऊन तोंडातून बाहेर आली नाही म्हणून औषध सुटलं. “हे कशापासून बनलं? विषाणू मारायला याच्यावर काय केलंय?” एवढं विचारायचं होतं.

वहिनीनं मला तेव्हा ही पहिली वही आणून दिली. २००४ च्या एप्रिलपासून सरकारनं एचआयव्हीची औषधं फुकट द्यायला सुरुवात केली, पुढच्या वर्षी तिलाही ती मिळू लागली. त्या गोळ्यांनी तिला स्वप्नं पडत, चक्कर येई. ती सगळं तारखेनिशी लिहून नेई आणि डॉक्टरांपुढे ठेवी. म्हणाली, “तोंडी सांगितलं तर म्हणतात बाईच्या मनाचे खेळ. लिहून नेलं की वाचतात.”

मग मी लिहायला लागले. कोणता सांधा, किती वाजता दुखायला लागलं, फॅक्टर किती युनिट दिला, कोणत्या कंपनीचा, बॅच नंबर काय, सूज किती तासांनी उतरली. बाटलीवरचं लेबल काढून वहीत चिकटवायची.

२००९ साली मला जाणवलं की औषध लागू पडत नाही. डॉक्टर म्हणाले, तुम्ही फ्रीजमध्ये नीट ठेवलं नसेल, बाटली जोरात हलवली असेल. मी वही उघडून ठेवली. पूर्वी तेवढ्याच युनिटला सहा-सात तासांत दुखणं थांबायचं. मग बारा, मग दोन दिवस. शेवटच्या तीन वेळा काहीच नाही, आणि तीन वेळच्या तीन बॅचेस वेगळ्या. डॉक्टरांनी पानं उलटली आणि तपासणी लिहून दिली. इन्हिबिटर निघाले.

हा या औषधाचा आजचा सगळ्यात मोठा दुष्परिणाम आहे, म्हणून नीट समजून घ्या. ज्याच्या अंगात आठवा फॅक्टर जवळजवळ नाहीच, त्याच्या शरीराला बाहेरून आलेला फॅक्टर परका वाटतो. शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं आणि फॅक्टर निकामी करतं. तीव्र हिमोफिलिया ए मध्ये साधारण दहापैकी तिघांना असं होतं, बहुतेकांना औषधाच्या पहिल्या पन्नास दिवसांच्या आत. बी मध्ये प्रमाण कमी, पण तिथे अंगावर गांधी उठणं, श्वास कोंडणं असाही जोराचा त्रास होऊ शकतो. २०१६ साली सिपेट नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आपल्या देशातली मुलंही होती. रक्तद्रवापासूनच्या फॅक्टरवर २६.८ टक्के मुलांना इन्हिबिटर झाले, पेशींपासून बनवलेल्या फॅक्टरवर ४४.५ टक्के. म्हणजे विषाणूंच्या बाबतीत जे जास्त सुरक्षित, ते या बाबतीत उजवं ठरलं नाही. “कोणतं चांगलं?” या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही. म्हणूनच तो विचारायला हवा.

माझा मुलगा आता नवीन औषधावर आहे, एमिसिझुमॅब. कातडीखाली टोचायचं, शीर शोधायला नको. इन्हिबिटर असले तरी चालतं. वर्षभरात सांध्यात रक्तस्राव नाही, ही आमच्या घरात नवलाई. पण त्याचंही पथ्य आहे. त्याच्याबरोबर रक्तस्राव थांबवायचं एक जुनं मिश्रण मोठ्या मात्रेत दिलं तर उलट रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. अपघात झाला आणि अनोळखी डॉक्टरनं नकळत ते दिलं तर? म्हणून त्याच्या पाकिटात चिठ्ठी असते.

आणि थोडं माझं स्वतःचं. पाळीत मला आठ-दहा दिवस जायचं, बाळंतपणात दोन बाटल्या रक्त चढवलं. मुलाचा फॅक्टर मोजला, भावाचा मोजला, माझा कोणी मोजला नाही. ‘तू नुसती वाहक.’ चाळिशीत गर्भाशय काढायला सांगितलं, तेव्हा मीच हट्ट धरला. एकतीस टक्के निघाला. सौम्य हिमोफिलिया मलाही होता. पिशवी साफ करण्याआधी मला डेस्मोप्रेसिनचं इंजेक्शन दिलं. त्यानं अंगातला साठलेला फॅक्टर रक्तात उतरतो, आणि पाणीही अंगात साठतं. त्या दिवशी पाणी बेतानं प्यायचं असतं. हे मला कोणी सांगितलं नाही. तहान लागली म्हणून मी तांब्या रिकामा केला. रात्री डोकं फुटायची वेळ आली, उलट्या झाल्या. सोडियम उतरलं होतं. एक वाक्य सांगितलं असतं तर टळलं असतं.

तर मैत्रिणींनो, हिमोफिलिया तुमच्या घरात नसेल. पण बीपीची गोळी असेल, मिरगीची असेल, पाळी लांबवायची असेल. तिथेही हेच लागू आहे. औषध मनानं बंद करू नका, मी ते करून बसले आहे. पण शंका गिळूही नका. नाव विचारा, कशापासून बनलं ते विचारा, काय झालं तर धावत यायचं ते विचारा. बॅच नंबर लिहून ठेवा. दुष्परिणाम कळवण्यासाठी सरकारची योजना २०१० पासून आहे. डॉक्टरांनीच कळवावं असं नाही, रुग्णही कळवू शकतो. १८००-१८०-३०२४ हा फुकट नंबर आहे. औषधामुळेच झालं हे सिद्ध करून दाखवण्याची जबाबदारी तुमची नाही. तुम्ही कळवायचं, तपासायचं काम त्यांचं.

सातवी वही माझ्या अक्षरात नाही. मुलगा स्वतः लिहितो. पहिल्या पानावर त्यानं मामाचं नाव घातलं आहे.

या वह्या मधल्या टेबलावर ठेवते. चहाच्या वेळी उलटून बघा. आणि पुढच्या बैठकीला येताना आपापली एक वही आणा.