घड्याळ आधी की खेळ आधी?

शारीरिक शिक्षणाचे शिक्षक, प्रशिक्षक आणि निवड समित्यांवर काम करणारे माझे सहकारी,

निवड कशी करावी या आपल्या जुन्या वादासाठी आज मी उदाहरण घेणार आहे ते अमेरिकन फुटबॉलचे. खेळ आपला नाही. पण खेळाडूची पारख तिथे जितकी उघडपणे आणि मोजूनमापून होते, तितकी फार थोड्या खेळांत होते.

करोनाचे २०२१ साल सोडले तर १९८७ पासून इंडियानापोलिसमध्ये महाविद्यालयीन खेळाडूंची ‘कम्बाइन’ भरते. ४० यार्ड, म्हणजे साडेछत्तीस मीटर धावायचे, जागेवरून उंच आणि लांब उडी मारायची, १०२ किलोंचा बार छातीवरून जमेल तितक्या वेळा उचलायचा. मग एप्रिलमध्ये ड्राफ्ट, त्यात व्यावसायिक संघ पाळीपाळीने खेळाडू निवडतात.

२०१७ चा ड्राफ्ट पाहा. वॉशिंग्टन विद्यापीठाचा जॉन रॉस ४० यार्ड ४.२२ सेकंदांत धावला. तो तेव्हाचा विक्रम होता. सिनसिनाटीच्या संघाने त्याला नवव्या क्रमांकावर घेतले. त्याच ड्राफ्टमध्ये, पास झेलण्याच्या त्याच जागेवर खेळणारा कूपर कप होता. त्याची वेळ ४.६२. तो ईस्टर्न वॉशिंग्टन या दुसऱ्या फळीतल्या विद्यापीठाचा. तिथे त्याने ४२८ झेल घेतले होते, तरी तो ६९ व्या क्रमांकापर्यंत थांबला. रॉसची कारकीर्द दुखापतींनी पोखरली. कपने २०२१ च्या हंगामात झेल, यार्ड आणि टचडाउन या तिन्हींत लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला आणि सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला.

आता यावरून ‘चाचण्या फेकून द्या’ असे कोणी म्हणेल, तर मी त्याच्याशी भांडेन. रॉसचा शेवटचा महाविद्यालयीन हंगामही उत्तम होता, आणि त्याचे गुडघे घड्याळाने दुखावले नाहीत. शिवाय नुसत्या कामगिरीच्या आकड्यांवर विसंबावे, तर ह्यूस्टनच्या केस कीनमने महाविद्यालयात १९,२१७ यार्डांचे पास टाकले होते. तो विक्रम होता, तरीही २०१२ च्या ड्राफ्टमध्ये त्याला कोणीच घेतले नाही. संघ मूर्ख नव्हते. सतत पास टाकणाऱ्या पद्धतीत आकडे फुगतात, हे त्यांना ठाऊक होते.

म्हणून मला मोलाचा वाटतो तो कपच्या आकड्यांतला एक छोटा तुकडा. २०१५ मध्ये पहिल्या फळीतल्या ओरेगॉनविरुद्ध त्याने १५ झेल घेत २४६ यार्ड मिळवले. पुढच्या वर्षी वॉशिंग्टन स्टेटविरुद्ध १२ झेल, २०६ यार्ड. समोर त्याच्यापेक्षा चपळ, मोठ्या विद्यापीठांनी निवडून घेतलेले बचावपटू होते, आणि तरी तो मोकळा होत होता. प्रतिस्पर्धी बदलला की आकडा टिकतो का, हे पाहणे म्हणजे कामगिरी वाचणे. हे कागदावर होते, निवडकर्त्यांना दिसू शकत होते. मला याची खरोखर हळहळ वाटते.

दुसरी गोष्ट, चाचणीची तयारी करता येते. १९९५ मध्ये बोस्टन कॉलेजचा माइक ममुला कम्बाइनच्या कसोट्यांचाच सराव करून आला आणि झळकला. फिलाडेल्फियाने पुढची जागा मिळवण्यासाठी अदलाबदल करून त्याला सातव्या क्रमांकावर घेतले. तो वाईट खेळाडू नव्हता, पण बाराव्या क्रमांकावर गेलेला वॉरन सॅप पुढे हॉल ऑफ फेममध्ये पोहोचला. सॅप मागे पडण्याला इतरही कारणे होती, तेही सांगितले पाहिजे.

आणि चाचणीने न्याय दिल्याचेही उदाहरण आहे. अर्कान्सा-पाइन ब्लफ या छोट्या विद्यापीठाचा टेरन आर्मस्टेड जवळजवळ १३९ किलोंचा. २०१३ मध्ये तो ४० यार्ड ४.७१ सेकंदांत धावला. त्याच्या खेळाकडे अनेकांनी पुन्हा वळून पाहिले ते त्यानंतर. न्यू ऑर्लिन्सने त्याला तिसऱ्या फेरीत घेतले आणि तो लीगच्या उत्तम टॅकल्सपैकी, म्हणजे पास टाकणाऱ्याला राखणाऱ्या खेळाडूंपैकी, एक झाला.

आपल्या क्रीडाप्रबोधिनीसाठी आठ-दहा वर्षांच्या मुलांची आपण धाव आणि उडी मोजतो, ते मला योग्यच वाटते. त्या वयात वाचण्याजोगी कामगिरी नसतेच, आणि खेड्यातल्या मुलाला तेवढेच एक दार असते. पण अठरा वर्षांची मुलगी, जी पाच वर्षे कबड्डीच्या स्पर्धा खेळली आहे, तिच्यापुढेही आपण आधी स्टॉपवॉच धरतो. तिने कोणाविरुद्ध किती चढायांत गुण घेतले, याची नोंद आपल्यापैकी कितीजणांकडे असते?

या अधिवेशनापुढे माझी विनंती एवढीच आहे. सतरा वर्षांवरील प्रत्येक निवडीत चाचणीच्या तक्त्याआधी सामन्यांची नोंद समितीपुढे यावी. त्या नोंदीत प्रतिस्पर्धी संघाचे नाव असावे, चढायांची संख्या असावी, मिळालेले गुण असावेत. चाचणी आणि नोंद एकमेकींशी जुळत नसतील, तर त्या खेळाडूला नाकारण्याआधी दोन निवडकर्त्यांनी तिचा एक पूर्ण सामना मैदानावर बसून पाहावा. नोंदवहीचा नमुना दुपारच्या सत्रात आपण मिळून ठरवू. शाळांमधल्या शिक्षकांनी त्यात आपल्या सूचना आजच लिहून द्याव्यात.