वानगी आणि माल



पिंपळगाव बसवंतमध्ये 'ट्रेलर' हा शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे उभी राहते ती ट्रॅक्टरमागची, कांद्याने शिगोशीग भरलेली ट्रॉली. मला आज ज्या ट्रेलरविषयी बोलायचे आहे तो सिनेमाचा. पण या दोघांचे नाते आपण समजतो त्याहून जवळचे आहे. सिनेमाचा ट्रेलरही आरंभी मागेच जोडलेला असे. मुख्य चित्र संपले की त्याच्या शेपटाला पुढच्या चित्राची झलक लावीत, म्हणून त्याला हे नाव पडले. चित्र संपताच प्रेक्षक उठून चालू लागतो हे मालकांच्या ध्यानात आले, तेव्हा ती झलक पुढे आली. नाव मात्र मागचेच राहिले.

मी विद्वान नव्हे. माझे आयुष्य हमाल आणि माथाडी कामगारांच्या संघटनेत गेले. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयाने दिले आणि थोडेफार सिनेमाच्या पडद्याने. तेव्हा जे सांगणार आहे ते बाजारात उभे राहून सुचलेले आहे, असे समजा. माझे म्हणणे एवढेच की चित्रपटाची जी प्रत आपण घरी पाहण्यासाठी घेतो, मग ती कॅसेट असो वा तबकडी, तिच्यात त्या चित्रपटाचा स्वतःचा ट्रेलर असलाच पाहिजे. ती चैन नव्हे. तो हिशेबाचा कागद आहे.

हिशेब कसला, ते आपल्या लिलावावरून पाहू. व्यापारी ट्रॉलीच्या वरचा कांदा हातात घेतो, दाबून पाहतो आणि बोली बोलतो. पुढे खळ्यावर माल खाली होतो. तळाचा कांदा वेगळा निघाला की भाव कापण्यावरून तंटा उभा राहतो. शेतकरी एक सांगतो, व्यापारी दुसरे, आणि पाठीवर पोते घेतलेला हमाल मधल्यामध्ये तिष्ठत राहतो. तंटा मिटत नाही, कारण वर काय दिसले होते ते कोणी राखून ठेवलेले नसते. माल असतो, पण वानगी हरवलेली असते. संघटनेत आम्ही हे फार लवकर शिकलो. करार झाला तरी त्याच्या फाइलीतून मूळ मागणीपत्र आम्ही काढून टाकीत नाही. नुसता करार वाचणाऱ्याला काय मिळाले एवढेच कळते. काय मागितले होते आणि काय कबूल झाले होते, ते मागणीपत्रावाचून कळत नाही.

चित्रपट हा करार असेल, तर ट्रेलर हा त्याच्या आधीचा बोलीचा कागद आहे. याचा दाखला आपल्या जिल्ह्यातलाच देतो. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमात लागला. त्याची जाहिरात अशी केली गेली असे सांगतात: सत्तावन्न हजार छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र, आणि दर अवघा तीन आणे. आता आपण हिशेब करू. फिल्मच्या एका फुटात सोळा चित्रे बसतात. सत्तावन्न हजारांना सोळाने भागा. सुमारे साडेतीन हजार फूट येतात. चित्रपटाची लांबी ३,७०० फूट होती अशी नोंद आहे. म्हणजे छायाचित्रांचा आकडा प्रामाणिक होता. पण दोन मैल म्हणजे साडेदहा हजार फूट! तेथे जाहिरातीची जीभ सैल सुटली. या चार ओळी उरल्या नसत्या तर १९१३ च्या प्रेक्षकाला काय दाखवून बोलावले गेले, हे आपल्याला कधीच कळले नसते. कथेने नव्हे, नटाने नव्हे, तर चित्रांच्या संख्येने आणि फितीच्या लांबीने! नव्या यंत्राचे नवल विकले जात होते. खुद्द त्या चित्रपटाच्या चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचे एवढेच आज आपल्यापाशी आहे, आणि तेही १९१३ चे की १९१७ साली पुन्हा काढलेल्या प्रतीचे, यावर अभ्यासकांत वाद आहे. तेथे जाहिरातीची एक ओळसुद्धा इतिहासाचे काम करते.

ही जुनी गोष्ट झाली असे कोणी म्हणेल. तर अलीकडची सांगतो, आणि तीही आपल्याच महाराष्ट्रातली. २०१६ साली 'फॅन' नावाचा हिंदी चित्रपट आला. त्याच्या जाहिरातीत 'जबरा फॅन' हे गाणे वाजत होते. लोक ते गाणे पाहायला गेले, आणि चित्रपटात ते नव्हतेच. तेव्हाच्या औरंगाबादमधल्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरमधल्या, एका शिक्षिकेने ग्राहक मंचाकडे तक्रार केली. जिल्हा मंचाने ती फेटाळली. राज्य आयोगाने मात्र दहा हजार रुपये भरपाई आणि पाच हजार रुपये खर्च देण्याचा हुकूम केला, आणि २०२० साली राष्ट्रीय आयोगाने तो कायम ठेवला. शेवटी २२ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. न्यायालयाच्या मते ट्रेलर हे लोकांचे कुतूहल जागे करणारे साधन आहे. तो निर्मात्याने दिलेला करार नव्हे. निकाल कायद्याचा आहे आणि आपण तो मानला पाहिजे. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. चार न्यायासनांपुढे हा वाद चालू शकला, कारण जाहिरातीत काय दाखवले होते ते उपलब्ध होते. पन्नास वर्षांनी कोणी नुसता चित्रपट पाहील, तर त्याला त्या गाण्याचा वासही लागणार नाही. न्यायालय ट्रेलरला करार म्हणत नसेल, तर तो जपण्याची जबाबदारी उलट आपल्यावर अधिक येते; कारण कायदा जे सांभाळत नाही ते लोकांनीच सांभाळायचे असते.

बाहेरच्या जगातही हेच दिसते. 'द ग्रेट गॅट्सबी' या प्रसिद्ध कादंबरीवर १९२६ साली अमेरिकेत मूकपट निघाला. तो चित्रपट आज हरवला आहे. त्याचा मिनिटभराचा ट्रेलर तेवढा उरला. म्हणजे माल गेला आणि वानगी राहिली. ऑर्सन वेल्सच्या 'सिटिझन केन'चा ट्रेलर पाहा. त्यासाठी मुद्दाम वेगळे चित्रीकरण केले होते. वेल्सचा केवळ आवाज येतो आणि तो आपल्या सोबत्यांची एकेकाची ओळख करून देतो. हिचकॉकने 'सायको'साठी १९६० साली सहा मिनिटांहून लांब ट्रेलर केला, आणि त्यात तो स्वतःच त्या घरातून प्रेक्षकांना हिंडवून आणतो. असे ट्रेलर चित्रपटाचे तुकडे नसतात. ती स्वतंत्र कामे असतात. चित्रपटाची प्रत विकताना ती गाळली, तर ती पाहायची कोठे?

"जागा नसते" असे उत्तर मिळते. तेही तपासून पाहू. व्हीसीडीच्या एका तबकडीवर ७४ मिनिटे मावतात, म्हणून चित्रपट दोन तबकड्यांवर येई. दोन तास दहा मिनिटांचा चित्रपट धरला, तरी दोन्हींवर मिळून अठरा मिनिटे कोरी राहतात. अडीच मिनिटांचा ट्रेलर त्यात सात वेळा बसला असता! एका थराच्या डीव्हीडीवर साधारण सव्वादोन तासांचा ऐवज मावतो. तेथे ट्रेलरला शंभरातले दोन भागसुद्धा लागत नाहीत. २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी अठ्ठावीस रुपयांना आणि डीव्हीडी चौतीस रुपयांना बाजारात आणली आणि चित्रपट गरिबाच्या घरात पोहोचला. ही मोठी गोष्ट झाली, मी ती कमी लेखत नाही. पण स्वस्त द्यायचे म्हणजे उणे द्यायचे, असा नियम कोठे आहे? रेशनचा तांदूळ स्वस्त मिळे, म्हणून माप कमी भरले तर आपण गप्प बसत होतो काय?

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. लोक म्हणतात, तबकडी लावली की आधी जाहिरातींचाच मारा, आणि पुढे ढकलायची सोयही नाही. त्यात तुम्ही आणखी एक ट्रेलर मागता? तर मी तो मारा मागत नाही. दुसऱ्या चित्रपटांच्या जाहिराती गळ्यात बांधणे म्हणजे कांद्याच्या गोणीत दगड भरणे. मला हवा तो त्याच चित्रपटाचा ट्रेलर, आणि तोही चित्रपटाच्या मागे, ज्याला हवा त्याने पाहावा असा. म्हणजे कथेचा रसभंगही होणार नाही. नावाप्रमाणे तो मूळच्या जागी, शेपटाला, परत जाईल.

शेवटचा मुद्दा माझ्या व्यवसायाचा. ट्रेलर कोणीतरी कापतो, कोणीतरी जोडतो; त्यातला भारदस्त आवाज कोणाच्या तरी घशातून येतो; पडद्यावर उड्या मारीत येणारी अक्षरे कोणीतरी काढलेली असतात. चित्रपटाच्या नामावळीत नटाच्या केशभूषाकाराचे नाव येते, आणि ते यावेच. पण ट्रेलर करणाऱ्याचे नाव बहुधा कोठेच येत नाही. त्याचे काम टाकून दिले की त्याने काम केले होते याचा पुरावाच नाहीसा होतो. पुरावा नसलेल्या कामाची मजुरी मागता येत नाही, हे माथाड्याला शिकवावे लागत नाही. महाराष्ट्रात माथाडी कायदा १९६९ साली झाला. त्याने हमालाला काय दिले? पगार, फंड, रजा हे सारे खरेच. पण त्याआधी त्याचे नाव एका नोंदवहीत चढवले. नाव चढले, म्हणून पुढचे सारे मागता आले.

आज तबकडीचा बाजार आटला आहे आणि चित्रपट तारेवरून, हवेतून घरात येतो. म्हणून माझी मागणी जुनी होत नाही, उलट सोपी होते. तेथे जागेची सबब उरलेली नाही. मराठी चित्रपट ज्या कोणाच्या हाती असेल, निर्माता असो, वितरक असो वा सरकारी संग्रहालय, त्याने प्रत्येक चित्रपटामागे त्याचा मूळ ट्रेलर ठेवावा, तो कोणत्या साली दाखवला ते लिहावे, आणि तो ज्यांनी केला त्यांची नावे लिहावीत. आणि आपणही एक करावे. घरोघरी जुन्या कॅसेटी आणि तबकड्या धूळ खात पडल्या आहेत. भंगारवाल्याला देण्यापूर्वी एकवार लावून पाहा. शेवटी ट्रेलर निघाला तर तेवढी तबकडी वाचनालयात आणून द्या. माल खाऊन संपतो, मित्रहो. वानगी जपली तरच पुढच्या पिढीला भाव विचारता येतो.