कापडखरेदीचाही हंगाम असतो
(शेतकरी बंधू-भगिनींसमोर केलेले भाषण)



कृषिविद्या शिकविणारी बाई कापडाच्या खरेदीवर काय बोलणार, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. बियाणे, खतांच्या मात्रा, आंतरमशागत हे माझे रोजचे विषय. पण सुधारित वाणाने मिळवून दिलेले जादा चार पैसे घरातल्या एका लग्नाच्या बस्त्यात कसे जातात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. उत्पादन वाढविणे जसे आपल्या हाती आहे, तसे खर्च आवरणेही काही प्रमाणात आपल्याच हाती आहे. म्हणून आज हा विषय घेतला.

माझे माहेर मुलुंडचे. मुलुंड, घाटकोपर, बोरिवली, अंधेरी या उपनगरांतली कापडाची दुकाने मी लहानपणापासून पाहत आले आहे. आपल्यापैकी पालघर-डहाणू बाजूची मंडळी पश्चिम रेल्वेने बोरिवली-अंधेरीला, तर कसारा-कर्जत बाजूची मंडळी मध्य रेल्वेने मुलुंड-घाटकोपरला खरेदीसाठी येतात. २०१३ च्या एप्रिलपासून लोकल डहाणूरोडपर्यंत धावू लागल्याने ही ये-जा आणखी सोपी झाली. वसईचे फूलवाले तर पहाटेच माल घेऊन दादरला पोहोचतात. गाडी तीच, बाजार तोच. प्रश्न फक्त कोणत्या महिन्यात उतरायचे एवढाच आहे.

भाजीपाला नाशवंत आणि कापड टिकाऊ, असे आपण समजतो. दुकानदाराच्या हिशेबी मात्र कापडही नाशवंतच असते. आपला टोमॅटो दोन दिवसांत उतरतो, त्याचा रंगीत शर्ट दोन-तीन महिन्यांत उतरतो. पुढच्या हंगामाचा नवा माल येऊन पडलेला असतो, फळीवर जागा नसते, उपनगरातल्या गाळ्याचे भाडे चालू असते आणि जुन्या मालात भांडवल अडकलेले असते. अशा वेळी तो जे करतो, ते आपण बाजार समितीत भरलेली गाडी परत न्यायची नाही म्हणून करतो तेच. भाव तोडून माल मोकळा करतो. फरक एवढाच की आपण पडलेल्या भावाला नशीब म्हणतो आणि तो त्याला 'सेल' म्हणून फलक लावतो.

हे एकदा ध्यानात आले की कोणत्या वेळी खरेदी करावी हे वेगळे शिकावे लागत नाही. मुंबईत कपड्यांचे मोठे सेल वर्षातून साधारण दोनदा लागतात. पहिला जूनअखेरपासून जुलै-ऑगस्टमध्ये. पावसामुळे गिऱ्हाईक घराबाहेर पडत नाही, लग्नसराई संपलेली असते, आणि गणपती-दसरा-दिवाळीचा माल भरायला जागा करायची असते. जुने लोक यालाच 'रिडक्शन सेल' म्हणत. दुसरा जानेवारी-फेब्रुवारीत, हिवाळी माल काढून टाकण्यासाठी. मुंबईत थंडी ती काय, पण मोठ्या कंपन्यांचे वेळापत्रक साऱ्या देशासाठी एकच असते, त्याचा आपल्याला फायदा. तमिळनाडूत 'आडी' महिन्यातला कापडाचा सेल असाच प्रसिद्ध आहे. तो महिना तिकडे शुभकार्याला वर्ज्य, म्हणून गिऱ्हाईक ओढण्यासाठी दुकानदारांनी सवलती सुरू केल्या.

आपल्याकडेही असे मंदीचे दिवस आहेत, पण त्यांचे फलक लागत नाहीत. पौष महिन्यात आपल्याकडे लग्ने होत नाहीत. घाटकोपर-मुलुंड भागात गुजराती वस्ती मोठी. त्यांच्यात डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत 'कमुरता' पाळतात, तेव्हाही लग्न नाही. हे दोन्ही काळ बहुतेक वर्षी थोडेफार एकावर एक येतात. त्या दिवसांत साड्यांच्या दुकानात दुपारी गेलात तर गादीवर चार विक्रेते बसलेले आणि गिऱ्हाईक एखादेच, असे चित्र दिसते. भाद्रपदातल्या पितृपक्षातही तेच. सेलचा फलक नसला तरी अशा वेळी घासाघीस करायला वाव असतो, आणि मालक स्वतः उठून साडी दाखवतो ते निराळेच.

बस्ता पौषात बांधू नये, असे घरातली वडीलधारी मंडळी म्हणतील. त्यांच्याशी वाद घालण्याची गरज नाही. नवरा-नवरीची वस्त्रे मुहूर्त पाहून घ्यावीत. परंतु आहेराच्या आणि मानपानाच्या पन्नास-साठ साड्या, शर्टपीस-पँटपीस, टॉवेल-टोप्या यांना कुठला मुहूर्त? बस्त्याचा मोठा खर्च असतो तो याच ढिगाऱ्यात. एप्रिल-मे महिन्यांत दादरच्या हिंदमाता भागातल्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीत साठ साड्या निवडताना कोणाचेही भान सुटते आणि सोबत आलेल्या दहा नातेवाईकांचा मान राखण्यात भाव करणे राहूनच जाते. आहेराच्या साड्या संक्रांतीपूर्वी, दोघा-तिघांनीच जाऊन, एकाच दुकानातून गठ्ठ्याने घ्याव्यात. एकाच प्रकारच्या वीस साड्या घेणाऱ्याला घाऊक भाव मागण्याचा हक्क असतो. आता आहेराची ही प्रथा एवढी वाढवावी का, हा वेगळा विषय आहे. माझे मत विचाराल तर निम्मी करावी.

इथपर्यंत ऐकून आपण म्हणाल, बाई, सांगता ते खरे, पण जुलैत आमच्या हातात पैसा असतो कुठे? हाच खरा मुद्दा आहे. पगारदाराला बाराही महिने पगार असतो, म्हणून पावसाळी सेल त्याला सोयीचा. शेतकऱ्याचा पैसा त्या वेळी जमिनीत असतो. बियाणे घेतलेले, लावणीची मजुरी दिलेली आणि भाताला फुटव्याच्या वेळी नत्राचा दुसरा हप्ता द्यायचा असतो. त्या हप्त्याचे पैसे सेलमधल्या साडीत घालू नका, हे मी कृषिविद्येची शिक्षिका म्हणून आग्रहाने सांगते. खताची वेळ एकदा गेली की ती कोणत्याही सवलतीत परत मिळत नाही.

आणि उसनवारीने सेल गाठण्यातही फारसा अर्थ नाही. हिशेब करून पाहू. समजा, २०,००० रुपयांचे कपडे घ्यायचे आहेत. फलकावर ५० टक्के लिहिलेले असले तरी आपल्या मापाच्या, आपल्या कामाच्या मालावर सरासरी १५ टक्केच सूट मिळाली. बिल १७,००० झाले, ३,००० वाचले. हे १७,००० दरमहा शेकडा ३ रुपये व्याजाने घेतले आणि भात विकून पाच महिन्यांनी फेडले, तर व्याज झाले २,५५०. उरले ४५०. त्यातून चौघांचे रेल्वेभाडे आणि दुपारचे जेवण वजा करा.

म्हणून शेतकरी कुटुंबासाठी जानेवारी-फेब्रुवारीचा सेल आणि पौषातली मंदी हीच जास्त सोयीची. भात झोडून विकलेला असतो, हातात रोकड असते आणि उन्हाळ्यातली लग्नसराई अजून पुढे असते. अडचण अशी की हाती पैसा आला की आपण तो दिवाळीतच मोकळा करतो. दिवाळीत मुलांना एकेक जोड घ्यावा, त्यात काटकसर करू नये. पण वर्षाची सगळी खरेदी त्याच आठवड्यात उरकू नये. तेव्हा दुकानदाराला सूट देण्याचे काही कारण नसते. कोकणातल्या मंडळींनी गणपतीच्या आदल्या आठवड्याबद्दलही हेच समजावे.

ज्यांच्याकडे दुभती जनावरे आहेत किंवा जे रोज भाजी-फुले विकतात, त्यांची गोष्ट वेगळी. दुधाच्या पगारातून दर महिन्याला ५०० रुपये आवर्त ठेवीत टाकले, तर नोव्हेंबर ते जून या आठ महिन्यांत ४,००० रुपये आणि वर थोडे व्याज जमते. त्यांनी पावसाळी सेल खुशाल गाठावा. बचत गटातल्या भगिनींनी तर मिळून खरेदी करावी. दहा घरांच्या साड्या एकत्र घेतल्या की घाऊक दुकानदारही उभे करतो.

आता फलकावरच्या आकड्यांविषयी. '५० टक्के अधिक २० टक्के' म्हणजे ७० टक्के नव्हे. १,००० च्या वस्तूचे आधी ५०० होतात, मग त्या ५०० वर २० टक्के म्हणजे १०० कमी होतात. द्यावे लागतात ४००, म्हणजे सूट ६० टक्के. 'दोनावर एक मोफत' यात सूट ३३ टक्के, तीही तिन्ही शर्ट हवे असतील तरच. ९०० चा एक शर्ट हवा असताना १,८०० खर्च केले, तर वाचले काय? '२,००० च्या खरेदीवर ५०० चे कुपन' हे कुपन पुढच्या खेपेला चालते. म्हणजे २,५०० च्या मालाला २,००० दिले, सूट २० टक्के, आणि दुसऱ्यांदा येण्याचे भाडे आपले. '५० टक्क्यांपर्यंत' यातला 'पर्यंत' बारीक अक्षरात असतो, तो शोधावा. काही ठिकाणी छापील किंमतच आधी चढवलेली असते. म्हणून सूट किती हे पाहू नये, हातातून किती जाणार ते पाहावे आणि तोच माल शेजारच्या दुकानात कितीला आहे हे विचारावे. बोरिवली पश्चिमेला स्टेशनजवळ इंद्रप्रस्थ शॉपिंग सेंटरसारख्या ठिकाणी एकाच छताखाली अनेक दुकाने आहेत. एक चक्कर नुसती भाव विचारण्यासाठी मारावी, पिशवी दुसऱ्या चकरेला उघडावी.

सूट न देता स्वस्त विकणारेही असतात, हे विसरू नका. डी-मार्टचे पहिले दुकान २००२ साली पवईला निघाले. पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते करायचे, माल स्वस्तात मिळवायचा आणि रोजच कमी भावात विकायचा, अशी त्यांची रीत. रोखीने खत घेणाऱ्याला आणि उधारीने घेणाऱ्याला कृषी सेवा केंद्रात निराळा भाव लागतो, तसेच हे. याउलट बिग बझारने २६ जानेवारी २००६ रोजी 'सबसे सस्ता दिन' जाहीर केला, तेव्हा दुकानांत लोटालोट झाली. ती दुकाने २०२२ मध्ये बंद पडली, पण तशा गर्दीचे सेल अजून लागतात. यादी न करता गर्दीत शिरणारा माणूस गरजेचे विसरतो आणि नको ते घेऊन येतो. हल्ली दसऱ्यापूर्वी मोबाइलवरही असे सेल लागतात. तिथे तर गर्दीही दिसत नाही, नुसते बोट चालते.

स्वस्त आणि परवडणारे यांतला फरक शेतकऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही. आपण हेक्टरी खर्च पाहत नाही, क्विंटलमागे खर्च किती पडला ते पाहतो. कपड्याचेही तसेच करा. ३०० रुपयांचा शर्ट तीस वेळा घालून विरला, तर एका वेळेला १० रुपये पडले. ६०० चा शर्ट शंभर वेळा टिकला, तर ६ रुपयेच पडले. शेतात वापरायच्या कपड्याला रंग-नक्षी नको, शिवण दुहेरी हवी. साधा सुती कपडा कधीच 'जुना' होत नाही, त्यामुळे त्यावर सेलमध्ये फार सूटही नसते. तो गरज पडेल तेव्हा चांगला पाहून घ्यावा. सूट मोठी असते ती नव्या धाटणीच्या मालावर. मुलांसाठी सेलमध्ये घेताना एक माप मोठे घ्यावे. शाळेच्या गणवेशासाठी मात्र सेलची वाट पाहू नये. जूनच्या गर्दीत माप मिळत नाही, मे महिन्यातच उरकावे.

कराचा एक मुद्दा नवा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्याला ५ टक्के आणि त्यावरच्या किमतीच्या कपड्याला १८ टक्के जीएसटी लागतो. त्यापूर्वी ही सीमा १,००० रुपयांची होती आणि वरचा दर १२ टक्के होता. समजा, नवरदेवाच्या कोटाचा भाव कर सोडून २,६०० सांगितला. त्यावर १८ टक्के धरून ३,०६८ होतात. घासाघीस करून तोच २,५०० ला ठरला, तर ५ टक्के धरून २,६२५ होतात. शंभर रुपयांच्या घासाघिशीत ४४३ रुपये वाचले. म्हणून सांगितलेला भाव करासह आहे की कराविना, हे आधीच विचारावे. न शिवलेल्या कापडाला किमतीची ही अट नाही, त्याला ५ टक्केच.

शेवटी बिलाविषयी. सेलचा माल आहे म्हणून बिल मिळणार नाही, असे कोणी म्हणाले तर मानू नका. बिल न देणे ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असा शिक्का पाहूनही गप्प बसू नका. माल सदोष निघाला तर बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, तो परत घेण्यास नकार देणे हीदेखील अनुचित प्रथाच ठरते. रंग आवडला नाही, माप चुकले, हे मात्र दोष नव्हेत. तिथे दुकानदाराची मर्जी, म्हणून बदलून मिळेल का ते पैसे देण्यापूर्वी विचारून बिलावर लिहून घ्यावे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. साडी दुकानातल्या दिव्याखाली न पाहता दारात उजेडात आणून पूर्ण उलगडून पाहावी. सेलच्या ढिगात घडीच्या आतल्या बाजूला डाग किंवा तुटलेला धागा निघतो, आणि तो दाखवला की दुकानदार पुष्कळदा आणखी शंभर-पन्नास रुपये सोडतो.