डॉक्टरचा दाखला आणि कामगाराची हरकत



माझे शिक्षण मराठी चौथीपर्यंतचे. कायदा शिकलो तो नुकसानभरपाई आयुक्तांच्या कचेरीतील बाकावर बसून. तेथे शिकलेली एक गोष्ट आज सांगावयाची आहे.

आमच्या युनियनमधील एका प्रेसवाल्याचा उजवा हात यंत्रात सापडला. बोटे शाबूत राहिली, पण मूठ वळेना. मालकाच्या डॉक्टरने पंधरा टक्के अपंगत्वाचा दाखला दिला. डॉक्टरला साक्षीला बोलवा, अशी मागणी मी तोंडी केली. ती तोंडीच फेटाळली गेली. मी गप्प बसलो. निकाल विरुद्ध गेला, तेव्हा वकील म्हणाले, "अण्णा, तुमची हरकत कागदावर कुठे आहे?" ती नव्हती. चूक माझी होती.

आता कायदा पाहू. 1923 च्या कायद्याप्रमाणे अपघाताची नोटीस मिळाल्यापासून तीन दिवसांत मालकाने फुकट तपासणी देऊ केली, तर कामगाराला ती करून घ्यावी लागे. पुरेसे कारण नसता नकार दिला, तर नकार चालू असेपर्यंत त्याचा हक्क स्थगित होई. म्हणून नुसते 'जात नाही' म्हणू नये. कारण लिहून द्यावे. आयुक्तांनाही साक्षीदार बोलावण्याचे, शपथेवर पुरावा घेण्याचे अधिकार होते. मग दाखला देणारा डॉक्टर उलटतपासणीतून का सुटावा? उच्च न्यायालयातील अपील साठ दिवसांत, तेही कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावरच होई. 'टक्के कमी धरले' एवढ्याने तेथे भागत नसे. 'डॉक्टरला विचारूच दिले नाही' हा मात्र कायद्याचा प्रश्न होऊ शकतो. हा विषय पुढे 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेतला गेला. कलमांचे आकडे बदलले, तरी हरकत नोंदवण्याची गरज संपली नाही.

आणखी एक. डॉक्टर शरीर मोजतो; कायद्याला कमाईची शक्ती मोजावयाची असते. 1975 साली सर्वोच्च न्यायालयापुढे एका सुताराचा खटला आला. डावा हात कोपराच्या वर कापलेला. मालक म्हणे, अपंगत्व अंशतः आहे. पण एका हाताने सुतारकाम होत नाही, हा आयुक्तांचा निर्णय न्यायालयाने कायम केला आणि नुकसान संपूर्ण धरले.

तेव्हा मित्रहो, मागणी लेखी करा, पोच घ्या, फेटाळली तर कारणे मागा, हुकमाची नक्कल काढा. आमच्या प्रेसवाल्याची मूठ आजही वळत नाही. त्या दिवसापासून मी खिशात कोरा कागद ठेवतो. तुम्हीही ठेवा.