लांडग्याला नोकरी द्या



बक्षीस समारंभ झाला आहे, आणि मेकअप करून बसलेली नाटकातली मुलं विंगेतून माझ्याकडे रागानं बघताहेत. तेव्हा थोडक्यात बोलतो.

माझं गाव तिरुक्करुगावूर. कुंभकोणमजवळचं, गर्भरक्षांबिका देवीचं. घरात तंजावुरी मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. त्यामुळे बिल विलिंगहॅम यांची ‘फेबल्स’ ही कॉमिक मालिका मला परकी वाटली नाही. 2002 ते 2015 या काळात तिचे 150 अंक निघाले. परीकथांचे देश शत्रूनं जिंकले आणि तिथली पात्रं न्यूयॉर्कमध्ये येऊन लपली, म्हणजे घरात एक जग आणि उंबऱ्याबाहेर दुसरं, अशी ही गोष्ट. हिमगौरी तिथे उपमहापौर आहे, म्हणजे कामाचा सगळा ढीग तिच्याच टेबलावर! हिमगौरी, सिंड्रेला आणि निद्रिस्त राजकन्या या तिघींचा राजपुत्र एकच निघतो, आणि तिघींशीही त्याचा घटस्फोट झालेला असतो. लाल टोपीवाल्या मुलीच्या मागे लागलेला लांडगा वस्तीचा पोलीसप्रमुख होतो. वस्तीत येणाऱ्याचे जुने गुन्हे माफ, असा तिथला करार आहे. पण माफीच्या कागदानं शेजाऱ्यांची भीती जात नाही. ती अंकामागून अंक थोडी थोडी ओसरते. लांब मालिका वाचायची ती यासाठीच. खरा शत्रू कोण, हे मात्र मी सांगणार नाही. तुम्ही वाचा.

जुन्या पात्राला नवं काम देण्याची ही युक्ती आमच्या तंजावरला जुनीच. तमिळ नाट्यपरंपरेतली कुरवंजी म्हणजे हात बघून नायिकेला तिच्या प्रियकराबद्दल भविष्य सांगणारी भटकी बाई. 1798 ते 1832 या काळात गादीवर असलेल्या दुसऱ्या सरफोजी राजांच्या ‘देवेंद्र कोरवंजी’ या मराठी नाटकात हीच बाई इंद्राणीला चक्क जगाचा भूगोल सांगते! राजांनी भूगोलासाठी नवा पंडित रंगमंचावर आणला नाही. जिचं बोलणं लोक पिढ्यानपिढ्या कान देऊन ऐकत होते, तिच्याच तोंडी तो घातला.

मात्र हे करायचं तर मूळ गोष्ट पक्की ठाऊक हवी. लांडगा आधी कसा होता हे माहीत नसेल, तर तो पोलीस झाल्याची गंमत कळणार कशी?

म्हणून तुम्हाला एक काम देऊन जातो. कावळ्याचं शेणाचं घर वाहून गेलं, आणि चिमणीनं दार उघडायला किती वेळ लावला, हे तुम्हाला पाठ आहे. आता समजा, वीस वर्षांनी तेच दोघे एका सोसायटीत राहायला आले, चिमणी सेक्रेटरी आहे आणि कावळ्याच्या छताला गळती लागली आहे. पुढचं तुम्ही लिहा, चित्रं काढा आणि महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात क्रमशः छापा. पहिल्या अंकाची वर्गणी मी आजच भरतो.

आता पडदा उघडा!