इथेनॉल, दाबाची हवा आणि इंधनाचा नोझल
(अकोला येथे शिक्षक, ग्रामसेवक व पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



माहिती खात्यातील माणसाने, आणि तोही कला शाखेचा पदवीधर, इंजिनावर भाषण करावे हे धाडसच म्हटले पाहिजे. परंतु अमरावती आणि अकोला या दोन्ही जिल्ह्यांत गावोगाव फिरताना योजनांच्या चौकशीच्या जोडीने मला एक प्रश्न हमखास विचारला जातो: "साहेब, या इथेनॉलच्या पेट्रोलनं गाडी बिघडते का जी?" दरवेळी "तसे काही नाही" असे सांगून पुढे जाणे मला प्रशस्त वाटेना. म्हणून जाणकारांना विचारून, दोन गॅरेजांत तासन् तास बसून जे समजले ते आज आपणांपुढे ठेवीत आहे.

इंधनात मद्यार्क मिसळण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. त्यासाठी १९४८ मध्येच केंद्राने कायदा केला होता. २००१ मध्ये मिरज आणि मनमाड येथे पाच टक्के मिश्रणाचे प्रयोग झाले, २००३ पासून आपल्या राज्यासह काही राज्यांत ते मिश्रण विक्रीस आले, जून २०२२ मध्ये देशाने दहा टक्क्यांचा आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांचा टप्पा गाठला. हेच ते ई-२०. दरम्यान ५ जून २०२१ रोजी पुण्यात तीन ठिकाणी जवळजवळ निव्वळ इथेनॉल देणारे पंप प्रायोगिक स्वरूपात सुरू करण्यात आले. आपल्या वऱ्हाडात ऊस थोडा. पण इथेनॉल मक्यापासूनही होते आणि शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात मका चांगला पिकतो, तेव्हा हा विषय केवळ साखर कारखान्यांच्या मुलखाचा राहिलेला नाही.

आता मूळ मुद्दा. इथेनॉलच्या रेणूत प्राणवायू असतो, पेट्रोलमध्ये तो नसतो. यामुळे एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यास १४.७ किलो हवा लागते, तर एक किलो इथेनॉलला ९ किलोच पुरते. उलट बाजूने पाहावयाचे तर इंजिनात जेवढी हवा शिरली तेवढ्याच हवेला इथेनॉल अधिक द्यावे लागते. लिटरच्या मापाने हा हिशेब दीडपटीहून थोडा अधिक येतो आणि ई-२० साठी सात ते आठ टक्के अधिक. इथेनॉल हे "कमी ताकदीचे पेट्रोल" आहे अशी जी समजूत आहे ती अपुरी आहे. ते निराळ्या मापाने द्यावयाचे इंधन आहे.

हे माप देणारा अवयव म्हणजे इंजेक्टर. आपले मेकॅनिक त्याला नोझल म्हणतात. वरुड-मोर्शीकडील संत्राबागाईतदारांना तो समजावून सांगण्याची गरजच नाही. ठिबकच्या ड्रिपरवर जसे ताशी ४ लिटर किंवा ८ लिटर असे लिहिलेले असते, तसेच इंजेक्टरचे माप मिनिटाला इतके घनसेंटिमीटर, म्हणजे इतके सीसी, असे असते. आणि ड्रिपरचे ते माप जसे ठराविक दाबालाच खरे, तसेच इंजेक्टरचेही. फरक इतकाच की ड्रिपर सतत टपकतो, इंजेक्टर मात्र गाडीतील छोट्या संगणकाच्या हुकमाने उघडतो आणि मिटतो. मिनिटाला ६००० फेरे घेणाऱ्या इंजिनात एका सिलिंडरचे एक आवर्तन एका सेकंदाच्या पन्नासाव्या भागात, म्हणजे २० मिलिसेकंदांत संपते. त्यातील ८० टक्के, फार तर ८५ टक्के वेळच त्याने उघडे राहावे असा दंडक आहे. उरलेला वेळ त्याला नीट मिटण्यास हवा.

ज्या इंजिनात टर्बो बसविलेला असतो त्याची गोष्ट आणखी नाजूक आहे. टर्बो धुराच्या जोरावर पंखा फिरवून हवा दाबून आत भरतो. हवा जास्त म्हणून इंधनही जास्त. शिवाय एक गंमत अशी की इंधनाच्या नळीतील दाब बाहेरच्या हवेपेक्षा तीन बार अधिक असला आणि इंजेक्टरच्या तोंडापाशी टर्बोने एक बार दाब उभा केला, तर इंधनाला बाहेर ढकलणारा दाब दोनच बार उरतो. प्रवाह हा दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. म्हणजे ऐन गरजेच्या वेळी नोझल १८ टक्के कमी इंधन सोडील. हे टाळण्यासाठी इंधनाच्या दाबाचे नियंत्रण करणाऱ्या झडपेला हवेच्या वाटेतून एक लहान नळी जोडतात, जेणेकरून हवेचा दाब वाढेल तसा इंधनाचाही वाढावा. शिक्षकबंधूंनी वर्गमुळाचा हा उपयोग वर्गात अवश्य सांगावा. मुले विचारतात ना, हे कशाला शिकायचे म्हणून!

एक उदाहरण मांडतो. तीन सिलिंडरचे, टर्बो बसविलेले, १२० अश्वशक्तीचे इंजिन घ्या. अशा इंजिनाला पूर्ण भाराखाली दर अश्वशक्तीस ताशी पाव किलोच्या आसपास पेट्रोल लागते. म्हणजे ताशी ३० किलो, अर्थात ४० लिटर, अर्थात मिनिटाला ६७० सीसी. तिघांत वाटले तर प्रत्येकी सुमारे २२३. पण नोझल ८० टक्के वेळच उघडा राहणार, म्हणून तो २८० सीसीचा हवा. तेच इंजिन ई-२० वर चालवावयाचे तर ३००, आणि निव्वळ इथेनॉलवर तर ४३० सीसीचा. नुसता नोझल बदलूनही भागत नाही. टाकीतील पंपाने ताशी ४० च्या जागी ६० लिटर इंधन त्याच दाबाने पुरविले पाहिजे. ज्या नव्या इंजिनांत इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते तेथे वेळ याहूनही कमी मिळतो आणि हिशेब निराळा होतो, हेही नमूद करतो.

या हिशेबाकडे दुर्लक्ष झाले तर काय होते ते मी पाहिले आहे. माझ्या एका परिचितांच्या चिरंजीवाने आपल्या टर्बोच्या मोटारीची ताकद एका गॅरेजात वाढवून घेतली. संगणकातील नोंदी बदलल्या, टर्बोचा दाब वाढविला, ताकद वीस टक्के वाढली असे सांगण्यात आले. नोझल मात्र जुनेच राहिले. ते मुळात पेट्रोलवर पूर्ण भाराला ८५ टक्के वेळ उघडे राहत असत. टाकीत ई-२० आल्यावर ते प्रमाण ९१ झाले आणि त्यावर वीस टक्के ताकद चढविल्यावर ११० टक्के! दिवसाचे चोवीस तास असताना सव्वीस तासांचे काम सांगावे तसा हा प्रकार. अमरावती-अकोला महामार्ग आपणांस ठाऊकच आहे. जून २०२२ मध्ये त्याचा ७५ किलोमीटरचा पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत डांबरून जागतिक विक्रम झाला होता. अशा सरळ, उत्तम रस्त्यावर गाडी बराच वेळ पूर्ण जोरात पळविता येते. मूर्तिजापूरच्या अलीकडे इंजिनाने खडखडाट केला आणि ते बंद पडले. उघडून पाहिले तो एका पिस्टनच्या माथ्याला वितळून भोक पडलेले. हवा भरपूर आणि इंधन अपुरे, म्हणून ज्वलनाची उष्णता अनावर झाली होती. धूर तपासणारा संवेदक इंधन वाढविण्याचा इशारा देतो हे खरे, पण पूर्ण उघडलेल्या नोझलला आणखी उघडावयास कोण सांगणार? त्या कुटुंबाचे सोयाबीनचे अर्ध्या हंगामाचे पैसे त्यात गेले आणि घरात दोष मात्र इथेनॉलला मिळाला.

मग मोठ्यात मोठा नोझल बसवून निश्चिंत व्हावे काय? तसेही नाही. इंजिन उभ्याने मंद चालू असते तेव्हा नोझल जेमतेम दोन मिलिसेकंद उघडतो आणि त्यातील एक मिलिसेकंदाच्या आसपासचा वेळ उघडण्यातच जातो. नोझल फार मोठा असला तर इतका अल्प घोट त्याला नेमका मोजता येत नाही. इंजिन धडधडते, धूर काळा होतो, पेट्रोल वाया जाते. बॅटरी अशक्त असली तर उघडण्यास आणखी उशीर लागतो.

नीट मापाने दिले तर हेच इथेनॉल टर्बोच्या इंजिनाला पेट्रोलहून मानवते. त्याचे बाष्प होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता शोषते, त्यामुळे आत जाणारी हवा थंड होते आणि इंजिन ठोकत नाही. आमच्या अकोल्याच्या मे महिन्यात हा गुण लहान नव्हे. स्वीडनच्या साब कंपनीने २००५ मध्ये दोन लिटरचे टर्बो इंजिन बाजारात आणले, ते पेट्रोलवर १५० आणि ८५ टक्के इथेनॉलवर १८० अश्वशक्ती देत असे. अमेरिकेतील इंडीकार शर्यतींच्या गाड्यांनी २००७ मध्ये इथेनॉल स्वीकारले. आपल्या देशात जुलै २०१९ मध्ये टीव्हीएस कंपनीने इथेनॉलवर चालणारी मोटारसायकल आणली. तिला टर्बो नव्हता, पण इंधन फवारण्याची व्यवस्था इथेनॉलसाठी योजलेली होती.

गैरसोयीही सांगितल्या पाहिजेत. थंडीत इथेनॉलची वाफ लवकर होत नाही, तेव्हा चिखलदऱ्याच्या जानेवारीतल्या पहाटे निव्वळ इथेनॉलची गाडी कुरकुरणार. ब्राझीलमध्ये यासाठी गाडीला पेट्रोलची एक लहानशी जादा टाकी देत असत. इथेनॉल पाणी ओढते, म्हणून पावसाळ्यात दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या गाडीची टाकी अर्धी रिकामी ठेवू नये. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या तपासून घ्याव्यात.

साध्या, न बदललेल्या गाडीच्या मालकाने नोझल बदलण्याच्या भानगडीत पडू नये. ॲव्हरेज थोडे कमी होईल, ते इंधनाच्या मापातूनच आलेले आहे. टर्बोची ताकद वाढवून घेण्याचा हट्ट घरातील तरुणाने धरलाच, तर गॅरेजवाल्याला तीन गोष्टी विचाराव्यात: नोझल किती सीसीचा आणि तो किती दाबाला मोजला, पूर्ण भाराला तो किती टक्के वेळ उघडा राहतो, आणि हिशेब साध्या पेट्रोलचा धरला की ई-२० चा. चांगल्या गॅरेजात नोझल काढून काचेच्या नळ्यांवर लावतात, एक मिनिट फवारतात आणि नळ्यांतील पातळी शेजारी शेजारी उभी करून दाखवितात. ते आपल्या डोळ्यांनी पाहावे, आणि एखादी नळी बाकीच्यांपेक्षा उणी भरली असेल तर तो नोझल साफ करून पुन्हा मोजावयास लावावा.